तीन किलोंचा फरक

बसा, चहा येतोय. तोवर माझ्या हातून घडलेला एक पराक्रम ऐकून घ्या. आयुष्यात मूर्खपणा कोण करत नाही हो? पण आपल्या मूर्खपणाची वजनासकट नोंद सरकारदरबारी शोभेल अशा भाषेत कितीजणांच्या नावावर असते? माझ्या नावावर आहे. आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही, हीच त्यातली गोम आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका साखर कारखान्यात मी काट्यावर हंगामी क्लार्क होतो. कारखान्याचं नाव विचारू नका, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. काट्याचं काम सोपं. उसानं भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचं वजन होतं. मग ती गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकून रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतो तो ऊस. चौथीतलं गणित. मी ते चार हंगाम करत होतो.

करत होतो म्हणजे काय, हात करत होते. मी तिथं नसायचोच. मी स्पेनमध्ये असायचो.

झालं होतं असं, की बारामतीत रद्दीच्या दुकानात मला एक विलायती मासिक सापडलं होतं. मोटारसायकलींचं. गुळगुळीत कागद, त्याला एक वेगळाच वास. आत दहा पानांचा लेख, दोन जपानी गाड्यांची तुलना. दोन्ही नऊशे सीसीच्या, दोन्ही वाकून बसायच्या, पेट्रोलच्या टाकीवर छाती टेकवायच्या. एक लाल, एक हिरवी. फोटोत स्पेनमधल्या डोंगरातल्या ओल्या रस्त्यावर दोघी वळणात अशा कलल्या होत्या, की चालवणाऱ्याचा गुडघा डांबराला लागत होता. गुडघा! आमच्याकडं गुडघा रस्त्याला लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायची पद्धत होती.

मी डिक्शनरी घेऊन तो लेख वाचला. एकदा नाही, चार वर्षं वाचला. लाल गाडी हलकी आणि चंचल, नुसतं वळणाकडं पाहिलं तरी वळते. हिरवी शांत, पण वरच्या वेगाला गेली की तिच्या अंगात जे येतं ते थांबत नाही. कुणाचे ब्रेक कसे, कुणाची साखळी किती कड्यांची, सगळं मला पाठ. फक्त एकच घोळ होता. लेखाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. त्यावरच निकाल होता. कोण जिंकलं ते मला कळलंच नाही.

पण नवव्या पानावर एक तक्ता होता, आणि त्यात लाल गाडी हिरवीपेक्षा तीन किलोनं हलकी होती. मी त्या तीन किलोंच्या प्रेमात पडलो. माझ्या मते निकाल तिथंच लागला होता, पान असो वा नसो.

आता तुम्ही विचाराल, तुझ्याकडं तेव्हा काय होतं? सायकल होती. माझं गाव सणसर, तिथून कारखाना रोज सायकलवर. तिचं वजन मला आजही माहीत नाही.

माझा विरोधी पक्ष होता बापू. शेळगावचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, माझ्याच वयाचा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायचा. रांगेत ट्रॅक्टर उभा करून तो काट्याच्या केबिनमागं माझ्याकडं बसायला यायचा. बापूनं लेखातली एक ओळ वाचली नव्हती. त्यानं फक्त फोटो पाहिला आणि हिरवीची बाजू घेतली. मी एकदा त्याला कारण विचारलं.

"लाल रंगाचा ट्रॅक्टर मी दिसभर चालवतो," तो म्हणाला. "सपनात तरी दुसरा रंग असू दे की."

आता या युक्तिवादाला कुठल्या तक्त्यानं उत्तर द्यायचं? चार हंगाम आमचा हा वाद चालला. मी आकडे सांगायचो, तो मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा की हिरवीच भारी.

पण खरं सांगतो, वादापेक्षा मला आवडायचं ते वादानंतरचं. बापू त्याच्या ट्रॅक्टरकडं गेला की मी केबिनच्या खिडकीत हनुवटी टेकवायचो. हवेत मळीचा गोड उग्र वास. पलीकडं कालव्याकडेचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, उन्हात चंदेरी झालेला. मी लाल गाडी सुरू करायचो. कालव्याचं पाणी डाव्या हाताला, माझ्याबरोबर पळतंय. सणसर मागं पडलं, शेळगावचा फाटा आला तसा गेला, अंगातला शर्ट फडफडतोय, आणि इंदापूर यायच्या आत मला कळायचं की या रस्त्यावर आज मी एकटाच आहे. किती छान वाटायचं ते तुम्हाला सांगता येणार नाही. मग गाडीवान खिडकीवर पावतीसाठी टकटक करायचा आणि मी परत यायचो.

तर एका हिवाळ्यातल्या दुपारी गव्हाण बंद पडली. कारखान्यात काहीतरी अडकलं होतं. गव्हाण बंद म्हणजे काटा बंद. यार्डात बैलगाड्यांची रांग, बैल सोडलेले, गाडीवान सावलीला. आमचे हेडक्लार्क तात्या जेवायला घरी गेलेले. मी खिडकीत हनुवटी टेकवून शेळगावच्या फाट्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात बापू आला. नेहमी तो लांबूनच बोलत यायचा. त्या दिवशी अगदी हळू चालत आला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

"मिलिंद, ऊठ," तो म्हणाला. "तुझी लाल आलीया. माझी हिरवी बी हाय संगं."

मला वाटलं गंमत करतोय. पण बापूचा चेहरा गंमत करणाऱ्याचा नव्हता, देऊळ पाहून आलेल्याचा होता.

गेटासमोर, रसाच्या गुऱ्हाळापाशी, त्या दोघी उभ्या होत्या. खऱ्या. फोटोतल्यासारख्या चकचकीत नव्हत्या, त्यांच्यावर आमच्या रस्त्याची धूळ होती, आणि त्यामुळंच मला भरून आलं. मी चपला काढल्या की काय ते आठवत नाही. बापू म्हणतो काढल्या होत्या.

लाल गाडी पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांची, हिरवी त्यांच्या मेहुण्यांची. बारामतीला बहिणीकडं जेवून ते इंदापूरहून हायवेला लागणार होते, सोलापूरला कुणाच्या तरी शेतात हुरडा खायला. आमच्या गाड्यांच्या रांगेत अडकले म्हणून रस प्यायला थांबले होते. मी पुढं झालो आणि डॉक्टरांना त्यांच्याच गाडीची माहिती द्यायला लागलो. पिस्टन, गिअर, पुढच्या चाकाचा कोन. साखळीची कडी सांगितली तेव्हा त्यांनी वाकून मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडं कुठली आहे?"

"सध्या विचार चाललाय," मी म्हणालो. बापू खोकला.

डॉक्टर माणूस फार चांगला. घड्याळ पाहून म्हणाले, वीस मिनिटं आहेत, तुमच्यातल्या एकाला मागं बसवून कालव्याच्या पुलापर्यंत नेऊन आणतो. एकालाच, कारण मेहुण्यांच्या मागच्या सीटवर भली मोठी बॅग बांधलेली. म्हणजे फेरी फक्त लालवर, आणि फक्त एक.

चार वर्षं ज्या रस्त्यावरून मी मनातल्या मनात गेलो, त्याच रस्त्यावरून, त्याच गाडीवर! आणि बापू, तो हिरवीवाला बापू, काय म्हणाला माहीत आहे?

"मिलिंदला न्या. त्याचाच मान हाय."

बघा. विषय संपला होता. मी पाय उचलून मागं बसायचं होतं. शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. पण इथंच माझं घोडं पेंड खातं. मला वाटलं, असं कुणी सोडून दिलेलं कशाला घ्यायचं? चार वर्षांचा वाद आहे, दोन्ही गाड्या समोर आहेत, आज निकाल लागू दे. लाल हलकी आहे हे सिद्ध करतो आणि जिंकून बसतो. मी हात वर केला आणि म्हणालो, "आधी वजन करू."

डॉक्टर म्हणाले, कशावर? मी काट्याकडं बोट दाखवलं. वीस टनांची ट्रॉली तोलणारा काटा! त्याचे आकडे वीस-वीस किलोच्या टप्प्यानं हलायचे. आणि मला त्यावर शोधायचा होता तीन किलोंचा फरक. हे मला माहीत नव्हतं का? होतं. रोजचं काम होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला टप्पे दिसत नाहीत.

गाडीवान उठून जमले. वाटलं तर उन्हं खायला, वाटलं तर तमाशा बघायला. मी न्यायाधीशाच्या आवाजात नियम सांगितले. बॅग सोडायची. मेहुणे कुरकुरत दोऱ्या सोडायला लागले, तीन मिनिटं त्यातच गेली. पुढचा नियम, मोटारसायकलची परीक्षा चालवणाऱ्यासकट होते, म्हणून दोन्हींवर एकच माणूस बसला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी. डॉक्टर सडपातळ, मेहुणे गोल. तेव्हा मी बसणार. एक म्हातारे गाडीवान आबा होते, त्यांनी विचारलं की बाबा, गाडीचं वजन करायचं तर तू कशाला बसतोस? मी त्यांना म्हणालो, आबा, यात शास्त्र असतं.

आता काट्यावर नुकताच कॉम्प्युटर आला होता. तो स्वभावानं तात्यांपेक्षा कडक. गाडीचा प्रकार आणि सभासद नंबर टाकल्याशिवाय आकडाच दाखवायचा नाही. प्रकार तीनच: ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. मी मनावर दगड ठेवून लाल गाडीला बैलगाडी केलं. सभासद नंबर पाठ होता तो आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा. घरचा एक एकर ऊस होता. तो टाकला. बापूला खुर्चीवर बसवलं, मी हात केला की हे बटण दाब म्हणून सांगितलं, आणि बाहेर येऊन लाल गाडीवर बसलो.

बसलो हो.

डॉक्टरांनी ती काट्याच्या मधोमध स्टँडवर लावली होती. मी पुढं वाकलो, छाती टाकीवर टेकवली. टाकी उन्हानं कोमट झाली होती. हातात हँडल आलं आणि यार्ड गेलं. बैल गेले, आबा गेले. कालवा डाव्या हाताला आला. तुरे दोन्ही बाजूंनी वाकले. या वेळी वारा खरा होता असं वाटलं, कदाचित खरंच सुटला असेल. मी फाटा ओलांडला, एक लांब वळण घेतलं, गुडघा बाहेर काढला. लोक सांगतात की मी खरोखरच गुडघा बाहेर काढला आणि आबांनी बाजूच्याला विचारलं, याला फिट येतीया का. मला काही ऐकू आलं नाही. इंदापूरच्या कमानीशी मी होतो तेव्हा बापूनं केबिनमधून हाक मारली की हात कर, किती वेळ झाला.

मी हात केला. बटण दाबलं. मग उतरलो, नुसती गाडी काट्यावर, पुन्हा बटण. मग हिरवी, तीही दादांच्याच नंबरावर बैलगाडी. तिच्यावरही बसलो, पण तिच्यावर कुठं गेलो नाही, निष्ठा म्हणून काही असते की नाही? पुन्हा उतरलो, पुन्हा बटण. डॉक्टर एकदा घड्याळ बघून म्हणाले, अहो, दहा मिनिटं राहिली, येताय का? मी म्हणालो, झालंच, निकाल घेऊन आलो.

आत गेलो. बापू बाहेर गेला. प्रिंटरनं करकर करत दोन पावत्या काढल्या.

पहिली: बैलगाडी. भरलेली दोनशे ऐंशी. रिकामी दोनशे वीस. निव्वळ ऊस साठ किलो.

दुसरी: बैलगाडी. भरलेली दोनशे ऐंशी. रिकामी दोनशे वीस. निव्वळ ऊस साठ किलो.

मी दोन्ही कागद उजेडात धरले. उलटे करून पाहिले. कुठं तरी तीन किलो असतील, खालच्या बाजूला, बारीक अक्षरात. नव्हते. मग हळूहळू उजेड पडायला लागला. अरे, हा उसाचा काटा! गाडी किती जड याच्याशी त्याचा काय संबंध? तो गाडी वजा करतो आणि गाडीवर जे असतं ते मोजतो. चार हंगाम मी हेच केलं होतं. दोन विलायती गाड्या काट्यावर चढवून मी काय मोजलं होतं, तर मला मोजलं होतं. दोनदा. आणि दोन्ही वेळा मी साठ किलोच भरलो होतो, तेवढी तुलना मात्र चोख झाली होती.

तरीही माझी खुमखुमी बघा. मी कॉम्प्युटरसमोर बसून विचार करत होतो की लाल गाडीत पेट्रोल जास्त असणार, ते वजा केलं तर निकाल फिरेल. डॉक्टरांना विचारावं म्हणून उठलो, आणि तेवढ्यात बाहेर तो आवाज झाला.

तो आवाज मासिकात नव्हता. आधी जाड, मग ताणत ताणत बारीक होत जाणारा, पोटात उतरणारा. मी पावत्यांसकट धावलो. गेटाबाहेर धुळीचा एक लांब पट्टा उसातून इंदापूरच्या दिशेला जात होता, आणि त्या पट्ट्याच्या टोकाला लाल ठिपका. ठिपक्यावर दोन माणसं. मागच्याच्या डोक्याचं मुंडासं सुटून झेंड्यासारखं फडफडत होतं.

बापू.

"डॉक्टरांनी दोनदा इचारलं, कोण येतंय का," आबा मला म्हणाले. "तू आत कागुद वाचत हुतास. मंग त्यो बसला."

मेहुणे बॅगेच्या दोऱ्या पुन्हा बांधत होते. त्यांनी माझ्या हातातल्या पावत्यांकडं पाहिलं आणि शेवटची गाठ आवळली. मी तिथंच उभा राहिलो. ऊन उतरायला लागलं होतं, तुरे तसेच चंदेरी होते, आणि कालव्याच्या पुलाकडून तो आवाज पुन्हा जवळ येत होता. माझ्या रस्त्यावरून. मला रडू येत होतं हे सांगायला आता लाज वाटत नाही.

बापू उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं असेल. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, पुढच्या वेळी नक्की म्हणाले, आणि दोन्ही गाड्या गेल्या. बापू बराच वेळ गुऱ्हाळाच्या खांबाला धरून उभा होता. मी विचारलं, कशी होती?

"तू म्हनायचास ते खरं हाय, मिलिंद," तो म्हणाला. "लालच भारी."

चार वर्षांचा वाद मी जिंकलो. अगदी त्या क्षणी. आणि जिंकून काय करायचं हे मला कळेना.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं होतं. पण गव्हाण सुरू झाली, तात्या जेवून आले, आणि कॉम्प्युटरमध्ये दोन बैलगाड्या उभ्या. एकदा झालेली नोंद पुसता येत नसे. गव्हाणीवर विचारलं तर तिथं या गाड्यांचा ऊस पोचलेलाच नाही. साठ-साठ किलो ऊस काट्यावरून गायब! तात्यांनी चष्मा लावून पावत्या वाचल्या, नंबर ओळखला.

"तुझ्या दादांचा ऊस तर शेतात उभा हाय," ते म्हणाले. "मंग ह्यो कुटला?"

"तात्या, तो मी आहे."

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गाड्या कुठं आहेत, त्यांनी विचारलं. गेल्या, मी म्हणालो. आन तू? मी म्हणालो, मी इथंच.

लेखी खुलासा द्यावा लागणार होता. मला शब्द सुचेनात, डोकं अजून पुलापाशीच होतं. शेवटी तात्यांनाच माझी दया आली. चाळीस वर्षं कारखान्याचे कागद लिहिलेला माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, एका दमात दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी वाचला. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून खाली मुकाट सही केली.

'सदर ऊस गाडीवर बसून काट्यापर्यंत आला व त्याचे दोन वेळा वजन झाले. त्यानंतर गाडी निघून गेली व ऊस जागेवरच राहिला.'